रोगाला जात नसते, मग बाळाच्या मरणाला कशी असते?

वैद्यकीय क्षेत्रातल्या कुणाशीही जातीबद्दल बोलायला जा, एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. "रोगाला जात नसते आणि डॉक्टर कधी जात बघत नाही." मेडिकल कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये ते ऐकू येते, टीव्हीवरच्या चर्चेत ऐकू येते, आरक्षणविरोधी मोर्चाच्या फलकावर तर असतेच. ऐकायला वाक्य छान आहे आणि म्हणूनच कुणी ते तपासून बघत नाही.

आम्ही ते तपासायचे ठरवले आहे. कारण या एका वाक्याखाली दोन प्रश्न दडपले गेले आहेत. या देशात कुणाची बाळे जास्त मरतात, हा पहिला. त्याच वस्त्यांमधून शिकून डॉक्टर झालेल्या मुलामुलींचे पुढे काय होते, हा दुसरा. आमचे म्हणणे असे आहे की हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. मरणाऱ्या बाळाची जात मोजली जात नाही आणि जो ती मोजू शकेल त्या डॉक्टरला व्यवस्थेत टिकू दिले जात नाही. एक टिकले की दुसरे आपोआप टिकते.

आकडे काय सांगतात?

भावनेची गोष्ट बाजूला ठेवू. सरकारचेच आकडे घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) दर हजार जन्मांमागे पाच वर्षांच्या आत मरणाऱ्या मुलांचे प्रमाण असे आले : अनुसूचित जमाती ५७.२, अनुसूचित जाती ५५.९, इतर मागासवर्ग ५०.८ आणि यापैकी कशातच न मोडणारे 'इतर' ३८.५.

हे आकडे नीट वाचा. हजार बाळे आपल्या वस्तीत जन्मली आणि हजार बाळे 'इतरां'च्या घरात जन्मली, तर पाचवा वाढदिवस येईपर्यंत आपल्या वस्तीतली सतरा-अठरा बाळे जास्त गेलेली असतात. ही बाळे काही वेगळ्या रोगाने गेलेली नाहीत. न्यूमोनिया, जुलाब, कमी वजन, जन्मतःच झालेला जंतुसंसर्ग, हीच कारणे दोन्हीकडे आहेत. म्हणजे रोगाला जात नसते हे अर्धे खरे आहे. रोग दोन्ही घरांत येतो, पण एका घरातून बाळ वाचून बाहेर येते आणि दुसऱ्या घरातून येत नाही.

उंचीचेही तेच. वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुले त्याच सर्वेक्षणात आदिवासींमध्ये ४३.८ टक्के, दलितांमध्ये ४२.८ टक्के आणि 'इतर' गटात ३१.२ टक्के होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशाचा एकूण आकडा ३५.५ टक्क्यांवर उतरला, पण आदिवासी मुलांचा ४०.९ आणि दलित मुलांचा ३९.२ होता. म्हणजे सगळ्यांचे थोडे सुधारले, पण रांग तशीच राहिली. शेवटी उभे असणारे शेवटीच उभे आहेत.

आता पुढची गोष्ट. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण काही वर्षांतून एकदा होते. दरवर्षी बालमृत्यूचा अधिकृत दर जाहीर होतो तो नमुना नोंदणी पद्धतीतून. त्यात राज्य असते, ग्रामीण-शहरी असते, मुलगा-मुलगी असते. जात नसते. वर्तमानपत्रात मथळा येतो, बालमृत्यूदर घटला. कुणाचा घटला, हा प्रश्न विचारायला त्या तक्त्यात रकानाच ठेवलेला नाही. ज्या समाजात पाणवठ्यापासून स्मशानापर्यंत जात विचारली जाते, तिथे फक्त बाळाच्या मरणाचा हिशेब करताना जात आठवत नाही, हा योगायोग आम्ही मानत नाही.

"ही तर गरिबी आहे, जात नव्हे"

इथे एक उत्तर तयार असते. दलित-आदिवासी गरीब आहेत, शिक्षण कमी आहे, म्हणून मुले मरतात, त्यात जात कुठे आली? गरिबी आहेच, आम्ही ती नाकारत नाही. पण गरिबी कुणाच्या वाट्याला आली आणि का आली, हा प्रश्न तूर्त सोडून दिला तरी हे उत्तर पुरे पडत नाही.

अर्थशास्त्रज्ञ अश्विनी देशपांडे आणि राजेश रामचंद्रन यांनी भारतातल्या मुलांच्या खुंटलेल्या उंचीचा अभ्यास जातीच्या अंगाने केला. बरीच वर्षे जगभरच्या तज्ज्ञांना एक कोडे पडले होते : आफ्रिकेतल्या गरीब देशांपेक्षा भारताची आर्थिक स्थिती बरी, तरी भारतातली मुले बुटकी का? कुणी अनुवंश पुढे केला, कुणी उघड्यावरची हागणदारी, कुणी मुलग्याचा हव्यास. या दोघांनी मुले जातगटांनुसार वेगळी करून पाहिली. तेव्हा दिसले की सवर्ण हिंदू मुलांमध्ये उंची खुंटण्याचे प्रमाण सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेपेक्षा कमी आहे. कोडे सगळ्या भारताचे नव्हतेच. ते जातीच्या उतरंडीत खाली ढकललेल्या मुलांचे होते. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या भागात लोक अस्पृश्यता जास्त पाळतात, तिथे खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची उंची अधिक मागे पडते, सवर्ण मुलांच्या उंचीवर मात्र त्याचा परिणाम दिसत नाही.

हे घडते कसे, तेही कळायला हवे. संघमित्रा आचार्य यांनी २०१० मध्ये गुजरात आणि राजस्थानातल्या निवडक गावांमध्ये २०० दलित मुलांशी बोलून अभ्यास केला. विषय होता, आरोग्यसेवा घेताना या मुलांना काय अनुभव येतो. बहुसंख्य मुलांनी भेदभाव सांगितला. औषध हातात न देणे, तपासताना स्पर्श टाळणे, दलित वस्तीत घरात न शिरता बाहेरूनच परत जाणे, बोलताना हिडीसफिडीस करणे. आता विचार करा. लहान बाळाची तपासणी स्पर्शाशिवाय होते का? पोट दाबून पाहावे लागते, छातीला हात लावावा लागतो, श्वास मोजावे लागतात, वजनकाट्यावर बाळ ठेवावे लागते. स्पर्श टाळला की निदान चुकते किंवा उशिरा होते, आणि नवजात बाळाच्या बाबतीत उशीर म्हणजे मरण. अस्पृश्यता ही मनाला लागणारी गोष्ट आहेच, ती बाळाच्या फुप्फुसापर्यंतही पोचते.

मोजले गेले नाही ते बाबासाहेबांनी भोगले

बाबासाहेब आणि रमाई यांना पाच अपत्ये झाली. रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न ही चार बालपणीच गेली, एकटे यशवंतराव जगले. परदेशातून सर्वोच्च पदव्या घेऊन आलेल्या माणसाच्या घरात हे घडले. चळवळीत आपण हे दुःख रमाईच्या त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो. त्याकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून क्वचितच पाहतो. बाबासाहेबांनी मात्र तसे पाहिले होते. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा ते त्याच्या बाजूने उभे राहिले. आई आणि बाळाची विश्रांती हा राष्ट्राच्या हिताचा प्रश्न आहे आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे मजूरमंत्री असताना खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाचा कायदाही त्यांनी सुधारला. तेव्हा बालआरोग्य हा डॉक्टरांचा विषय आहे, आपण चळवळवाल्यांनी त्यात पडू नये, असे म्हणणाऱ्यांनी आधी बाबासाहेब वाचावेत.

आपली मुले संशोधनात आहेत, पण कुठे?

बालआरोग्याच्या संशोधनात आपली मुले नाहीत असे नाही. भरपूर आहेत. पण ती टेबलाच्या कोणत्या बाजूला आहेत ते बघा.

२००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लसीचा अभ्यास झाला. हजारो शाळकरी मुलींना लस दिली गेली आणि त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि २०१० मध्ये अभ्यास थांबवावा लागला. हे मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही, ते आम्ही स्पष्ट नोंदवतो. आम्ही लसीच्या विरोधात नाही. आपल्या मुलींना ही लस मिळालीच पाहिजे. पण त्याच चौकशीतून आणि संसदीय स्थायी समितीच्या २०१३ च्या अहवालातून जे पुढे आले ते भयंकर होते. अनेक संमतीपत्रांवर आईबापाच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. म्हणजे आश्रमशाळेत शिकणाऱ्या आदिवासी मुलीच्या शरीराबद्दलचा निर्णय तिच्या आईने घ्यायचा नव्हता, वॉर्डनने घ्यायचा होता. शहरातल्या महागड्या इंग्रजी शाळेत असे करून दाखवा, दुसऱ्या दिवशी शाळेला टाळे लागेल.

याच देशात, आपल्याच महाराष्ट्रात, याच्या उलट उदाहरणही आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांमध्ये नवजात बाळांची काळजी घरीच घेण्याचा प्रयोग केला. त्यासाठी डॉक्टर नेमले नाहीत, गावातल्याच पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायकांना शिकवले. बाळाचे वजन घेणे, ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे, हे सगळे त्या करू लागल्या. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात, त्या कार्यक्रमाचे मूळ या गावांत आहे.

या प्रयोगातून एक गोष्ट आपण उचलली पाहिजे, जी गुणवत्तेची टिमकी वाजवणारे कधी उचलत नाहीत. सातवी-आठवी शिकलेली गावातली बाई विश्वासाने शिकवली तर मरणारे बाळ वाचवू शकते, हे जगातल्या सर्वांत मानाच्या वैद्यकीय नियतकालिकाने छापले. मग प्रवेश परीक्षेत थोड्या कमी गुणांनी आत आलेली, साडेपाच वर्षे शिकलेली, सगळ्यांसारखीच अंतिम परीक्षा पास झालेली आपली मुलगी रुग्णाला धोका कशी ठरते? आणि बाळ खरेच वाचवणाऱ्या आशाताईला पगार का नाही? एका नवजात बाळाच्या दीड महिन्यातल्या सहा-सात भेटींसाठी तिला २५० रुपये ठरवले गेले. गुणवत्तेचा हा बाजारभाव कुणी लावला?

डॉक्टर झालो, पण प्रश्न विचारता येतो का?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. बालरोगात एमडी करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. म्हणजे दरवर्षी देशात बालआरोग्यावर शेकडो प्रबंध होतात. आपल्या वस्तीतून आलेल्या विद्यार्थ्याला वाटू शकते, मी शोधून काढतो की आमच्या वॉर्डात मरणाऱ्या बाळांमध्ये कोणत्या समाजाची किती, ती किती उशिरा आली, आधी कुठे कुठे फिरवली गेली. पण विषय गाइडने मंजूर करायचा असतो, सही गाइडची लागते, अंतर्गत गुणही विभागाच्याच हातात असतात. "असले राजकीय विषय नकोत, हिमोग्लोबिनवर काहीतरी घे," एवढे म्हटले की संपले. कुणी उघड बंदी घालत नाही, गरजही नसते. आणि गाइडच्या खुर्चीत आपला माणूस क्वचितच असतो.

तो तिथे का नसतो? २००६ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाच्या तक्रारींवर प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००७ च्या अहवालात समितीने दाखवून दिले की दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना तोंडी परीक्षेत, अंतर्गत मूल्यमापनात आणि वसतिगृहात भेदभाव सोसावा लागतो. छळाला कंटाळून विद्यार्थी खोल्या बदलत एकाच भागात गोळा झाले होते. देशातल्या सर्वोच्च वैद्यकीय संस्थेत गावकुसाबाहेरची वस्ती तयार झाली होती. पंधरा वर्षांनी, २०२२ मध्ये, संसदेच्या अनुसूचित जाती-जमाती कल्याण समितीने याच संस्थेतल्या अध्यापकांच्या रिक्त जागांवर बोट ठेवले आणि योग्य उमेदवारच सापडला नाही, हे साचेबद्ध उत्तर मान्य करायला नकार दिला.

आणखी वर चढा. नवजात शिशूंचे विशेषज्ञ व्हायचे तर डीएम ही अतिविशेषज्ञ पदवी लागते. १९९९ च्या डॉ. प्रीती श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अतिविशेषज्ञ पातळीवर आरक्षण असू नये असे म्हटले. म्हणजे ज्या अतिदक्षता कक्षात आपली कमी वजनाची बाळे सर्वांत जास्त संख्येने येतात, त्या कक्षाची शास्त्रीय सूत्रे आणि संशोधनाची दिशा ज्यांच्या हाती, तिथला दरवाजा आपल्यासाठी सर्वांत अरुंद आहे.

दरवाजाच्या आत गेलेल्यांचे काय होते, ते डॉ. पायल तडवी यांच्याबाबतीत सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात स्त्रीरोग आणि प्रसूतीशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने आपले जीवन संपवले. तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर जातीय छळाचा आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा खटला दाखल झाला. दोष कुणाचा ते न्यायालय ठरवेल. पण आम्हाला एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. ती प्रसूतीची डॉक्टर होणार होती. बाळ जन्मते तेव्हा ते पहिल्यांदा ज्या हातात येते, ते हात तिचे असणार होते. सातपुड्याच्या पाड्यावरून आलेल्या बाईला तिच्या भाषेत, तिच्यावर न ओरडता विचारणारी एक डॉक्टर आपण गमावली. अशी एक डॉक्टर गेली की किती बाळंतपणे मोडतात, याचा हिशेब कोणत्याच चौकशीत येत नाही.

"निवासी डॉक्टरांचे हाल सगळ्यांचेच होतात, त्यात जात आणू नका," असेही सांगितले जाते. हाल सगळ्यांचे होतात, हे खरेच. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी कामाची मर्यादा घातलेली आहे. ती पाळली जात नाही हे प्रत्येक निवासी डॉक्टरला ठाऊक आहे. छत्तीस तासांच्या ड्युट्या, झोप नाही, वर चिडलेल्या नातेवाइकांचे हल्ले. या लढ्यात आम्ही सगळ्या निवासी डॉक्टरांच्या सोबत आहोत. पण ड्युटी कुणी लावायची, प्रसूती कुणाला करू द्यायची आणि कुणाला फक्त कागद भरायला बसवायचे, हे ठरते तिथे जात येते. सगळ्यांचे हाल सारखे नसतात. सर्वांत वाईट पाळी आणि सर्वांत कमी शिकवणूक कुणाच्या वाट्याला जाते, ते बघा. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे. पण जातीय छळाला रॅगिंग म्हटले की त्यातली जात पुसली जाते आणि उरते ती फक्त मुलांची मस्ती.

बाळे मेली की शिक्षा कुणाला?

ऑगस्ट २०१७ मध्ये गोरखपूरच्या बीआरडी मेडिकल कॉलेजात ऑक्सिजन पुरवठादाराचे बिल थकले, पुरवठा तुटला, त्याच दिवसांत डझनावारी मुले दगावली. ऑक्सिजनअभावी मृत्यू झाले नाहीत, असा सरकारचा दावा होता. मग अटक कशाची? बालरोग विभागातले डॉ. काफील खान निलंबित झाले, कित्येक महिने तुरुंगात राहिले. २०१९ मध्ये चौकशी अहवालाने त्यांच्यावर वैद्यकीय निष्काळजीपणा सिद्ध होत नाही असे म्हटले, तरी २०२१ मध्ये त्यांना बडतर्फ करण्यात आले.

आपल्याकडे ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले आणि कंत्राटी परिचारिकांना घरी पाठवण्यात आले. हलगर्जी झाली असेल त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण अग्निसुरक्षेची व्यवस्था न करता कक्ष चालू ठेवणारी फाइल कोणत्या मजल्यावर अडली होती, या प्रश्नाला कंत्राटी परिचारिकेची नोकरी हे उत्तर होऊ शकत नाही. सरकारी दवाखान्यात येणारी बाळे आपली असतात. तिथे रात्रपाळीला असणारे कंत्राटी कर्मचारीही बऱ्याचदा आपलेच असतात. बाळही आपले जाते आणि नोकरीही आपलीच जाते.

मग करायचे काय?

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाई आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याजवळ रुग्णांसाठी दवाखाना उभा केला. मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेगने आजारी मूल सावित्रीमाईंनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले. त्यातच संसर्ग होऊन १० मार्चला त्या गेल्या. आपल्या परंपरेत बालआरोग्याची सुरुवात अशी स्पर्शाने झाली आहे. त्या परंपरेचे वारस म्हणवून घ्यायचे तर फुलांचा हार घालून भागणार नाही.

आमच्या मागण्या सरळ आहेत. बालमृत्यूचे वार्षिक आकडे समाजगटानुसार, तालुक्यापर्यंत, जाहीर करा. मुलांवर होणाऱ्या प्रत्येक संशोधनाच्या नैतिकता समितीत त्या समाजाचे बोलू शकणारे प्रतिनिधी घ्या आणि आश्रमशाळेतल्या मुलांसाठी पालकांच्या संमतीला पर्याय नाही हे पाळा. अतिविशेषज्ञ अभ्यासक्रमांतल्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न पुन्हा उघडा. ४८ तासांची मर्यादा लागू करा, ड्युटी आणि शस्त्रक्रियांचे वाटप लेखी ठेवा आणि जातीय छळाची तक्रार विभागाबाहेरच्या समितीकडे जाऊ द्या. आशाताईंना मानधन नको, पगार द्या.

मागण्या करून थांबायचे नाही. प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात गेल्या पाच वर्षांतल्या बालमृत्यूंची वस्तीनिहाय माहिती मागवावी. मेडिकलला असलेल्या आपल्या मुलामुलींशी संघटनेने परीक्षेच्या काळातही संपर्क ठेवावा. त्यांना सत्काराला बोलावतो, मग वर्षभर विसरतो, हे बंद व्हावे. आणि बालरोगात किंवा सामाजिक आरोग्यशास्त्रात एमडी करणाऱ्या साथींनो, प्रबंधाचा विषय निवडताना एकदा तरी आपल्या वस्तीचा प्रश्न गाइडसमोर लेखी ठेवा. नाकारला तर नकारही लेखी मागा. तो कागद पुढे उपयोगी पडेल.

डॉक्टर जात बघत नाही, असे ते म्हणतात. आमचे म्हणणे आहे, एकदा बघाच. वजनकाट्यावर ठेवलेले बाळ कोणत्या वस्तीतून आले, किती उशिरा आले, का उशिरा आले, हे बघितल्याशिवाय ते वाचणार नाही.

जय भीम!